पारावरची जागा : उज्जैन ते अनुराधपूर, अनुराधपूर ते नागपूर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला साजेल असे काही बोलावे, या विचारात गेले दोन महिने गेले. भाषेचा अध्यापक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाने इतिहासावर बोलावे, हे थोडे धाडसाचेच. परंतु उज्जैनीत राहणाऱ्या माणसाला इतिहास टाळता येत नाही. तो त्याच्या उंबरठ्यावरच बसलेला असतो. मी आज एका झाडाविषयी बोलणार आहे. शांततेचे प्रतीक म्हणून झाड लावण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. पाहुणे येतात, फावड्याने माती लोटतात, छायाचित्र निघते. या प्रथेची थट्टा करणे सोपे आहे. तथापि या प्रथेच्या मुळाशी एक फार जुनी घटना आहे, त्या घटनेचा आपल्या नगरीशी संबंध आहे, आणि तिचा शेवट अलीकडच्या काळात समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या वस्तीत झाला आहे. तो प्रवास आपल्यासमोर मांडावा, एवढाच आजचा उद्देश.

१

आरंभ आपल्या सिद्धवटापासून करू. शहराच्या उत्तरेस भैरवगडाच्या बाजूला, क्षिप्रेच्या घाटावर हा वड उभा आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तेथे पितरांना तर्पण केले असेल, वडाच्या मुळाशी दूध घातले असेल. प्रयागचा अक्षयवट, वृंदावनचा वंशीवट, गयेचा वट आणि उज्जैनीचा सिद्धवट अशी चार वडांची परंपरा सांगितली जाते. सिद्धवटाविषयी एक कथा मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली होती. मोगलांनी हे झाड तोडले आणि पुन्हा उगवू नये म्हणून त्यावर लोखंडाचे तवे ठोकले. पण ते तवे भेदून वड पुन्हा वर आला. ही लोककथा आहे. प्रयागच्या अक्षयवटाबद्दल जवळजवळ हीच कथा जहांगिराचे नाव घालून सांगतात.

आता याच्या शेजारी दुसरी कथा ठेवू. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग बोधगयेच्या पिंपळाबद्दल लिहितो की, अशोकाने बौद्ध धर्म स्वीकारण्यापूर्वी ते झाड स्वतःच तोडवून जाळवले; पण ज्वाळांतूनच नवी पालवी फुटली, तेव्हा पश्चात्ताप होऊन त्याने मुळांना दुधाचे स्नान घातले. पुढे त्याच्या राणीने ते तोडवले, आणि पुन्हा ते उगवले. नंतर गौड देशाच्या शशांकाने मुळापर्यंत खणून ते नष्ट केले. मगधाच्या पूर्णवर्म्याने हजार गाईंचे दूध घालून ते जगवले. सिंहलची परंपराही अशोकाची राणी तिष्यरक्षिता हिच्या मत्सराने ते झाड वाळले, असे सांगते.

या कथा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. पवित्र वृक्ष, त्यावर पडलेली कुऱ्हाड, दुधाचे सिंचन आणि पुन्हा फुटलेली पालवी हा सांगाडा एकच आहे. बदलतो तो कुऱ्हाड धरणारा हात. सांगणारा ज्याला शत्रू मानतो, त्याच्या हाती ती कुऱ्हाड जाते. शैव राजा, मत्सरी राणी, मोगल बादशहा ही नावे काळाप्रमाणे बदलत गेली. एका ह्युएनत्संगाच्या वृत्तांतात मात्र पहिली कुऱ्हाड अशोकाच्या, म्हणजे आपल्याच माणसाच्या हाती दिलेली आहे. आपल्या हातीही कधी काळी कुऱ्हाड होती, असे सांगणारी परंपरा मला अधिक विश्वसनीय वाटते. माझ्या आजच्या विवेचनाचा धागा येथूनच निघतो.

२

अशोक आणि उज्जैनी यांचे नाते आपण अभिमानाने सांगतो. त्यात शिलालेखांचा पुरावा किती आणि परंपरा किती, हे वेगळे केले पाहिजे. कलिंगातील धौलीच्या स्वतंत्र शिलालेखात उज्जैनीचा स्पष्ट उल्लेख आहे. कोणालाही विनाकारण कैद होऊ नये, छळ होऊ नये, याची पाहणी करण्यासाठी ठराविक काळाने अधिकारी दौऱ्यावर पाठवले जातील, असे अशोक त्यात सांगतो. आणि उज्जैनीचा राजकुमारही तीन वर्षांच्या आत असेच अधिकारी पाठवील, अशी आज्ञा करतो. म्हणजे अशोकाच्या लेखांत आपल्या नगरीचे नाव येते ते मंदिरासाठी नव्हे, विद्येसाठीही नव्हे; निरपराध माणूस तुरुंगात पडू नये, या चिंतेपोटी येते. उलट ह्युएनत्संग उज्जैनीजवळच्या एका स्तूपाबद्दल लिहितो की, अशोकाने आपले ‘नरक’, म्हणजे छळाचे कारागृह, ज्या ठिकाणी बांधले होते ती ही जागा. दोन्ही आठवणी एकाच नगरीच्या आहेत. योगायोग असा की, आजचे मध्यवर्ती कारागृहही भैरवगडातच, सिद्धवटाच्या परिसरात आहे.

अशोक राजकुमार असताना अवंतीचा अधिकारी होता, हे आपल्याला सिंहलच्या दीपवंस आणि महावंस या पाली ग्रंथांवरून कळते. महावंस सांगतो की, उज्जैनीस येताना विदिशेत त्याला एका श्रेष्ठीची कन्या देवी भेटली. तिला उज्जैनीत महेंद्र हा पुत्र झाला आणि दोन वर्षांनी संघमित्रा ही कन्या झाली. महावंसाची रचना इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातली, म्हणजे घटनेनंतर सुमारे आठशे वर्षांनी झालेली. अशोकाच्या शिलालेखांत महेंद्राचे वा संघमित्रेचे नाव नाही. तथापि ताम्रपर्णीचा, म्हणजे सिंहलचा, उल्लेख त्याच्या लेखांत आहे, आणि राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर तो ‘संबोधी’ला, म्हणजे बोधगयेला, गेल्याचाही आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोरणावर बोधिवृक्षापाशी आलेला राजा कोरलेला आहे, आणि तो अशोक असल्याचे बहुतेक विद्वान मानतात. शहराबाहेर कानीपुऱ्याकडे जो विटांचा प्रचंड स्तूप ‘वैश्य टेकरी’ या नावाने ओळखला जातो, त्याचा संबंध लोकपरंपरेने या वैश्यकन्येशी, देवीशी, जोडला आहे. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात गर्दे यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन केले होते. माझ्या विद्यार्थिदशेत तेथे आम्ही बोरे वेचायला जात असू. त्या टेकडीखाली काय आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

३

आता मूळ घटनेकडे वळू. महेंद्र सिंहलात गेला, राजा देवानांपिय तिस्स याने बौद्ध धर्म स्वीकारला. त्या वेळी राजघराण्यातील अनुला या स्त्रीने इतर अनेक स्त्रियांसह प्रव्रज्या मागितली. महेंद्राने सांगितले की, स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकार भिक्षूंना नाही. त्यासाठी माझी बहीण संघमित्रा हिला बोलवा, आणि तिने येताना बोधिवृक्षाची दक्षिणेकडील शाखा आणावी. म्हणजे ती शाखा सिंहलात गेली ती स्त्रियांनी धर्मात आपली जागा मागितली म्हणून. ही गोष्ट आपण सहसा विसरतो. झाडाचे चित्र आपल्या लक्षात राहते, मागणी करणारी अनुला लक्षात राहत नाही.

महावंसात या शाखेच्या प्रवासाचे वर्णन मोठ्या विस्ताराने आले आहे. सोन्याच्या पात्रात ती रुजवली, गंगेतून आणि समुद्रातून नेली, जंबुकोल बंदरावर राजा गळ्याइतक्या पाण्यात उतरून तिला सामोरा गेला. त्यातला अलंकार बाजूला ठेवला, तरी एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. झाडाच्या सेवेसाठी अशोकाने कोणाकोणाला बरोबर पाठवले, त्याची यादी तेथे आहे. राजकुळातील आणि अमात्यकुळातील माणसे त्यात आहेत, ब्राह्मण आहेत, व्यापारी आहेत. त्यांच्याबरोबर गवळी आहेत, विणकर आहेत, कुंभार आहेत, सर्व कारागीर आहेत. यादीच्या क्रमात उच्चनीचता आहे, हे नाकारता येणार नाही. पण विणकराचा आणि कुंभाराचा त्या झाडावर हक्क आहे, त्याला पाणी घालणे हे त्यांचेही काम आहे, हे तेथे नोंदले गेले. अनुराधपूरच्या महामेघवनात ती शाखा लावली गेली. पुढे त्या झाडाची रोपे बेटावर ठिकठिकाणी लावली. प्रथम आठ, मग बत्तीस. माणसाने लावलेले आणि ज्याची लागवड नोंदली गेली आहे, असे जगातील सर्वांत जुने जिवंत झाड म्हणून ते आज ओळखले जाते.

बोधगयेचे मूळ झाड मात्र टिकले नाही. जीर्ण झालेले तेथील झाड १८७६ साली वादळात पडले आणि १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी तेथे नवे रोप लावले. अनुराधपूरचे झाड दोन हजार वर्षे का टिकले? त्याला एक उत्तर असे की, त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या नेमून दिलेली होती. झाड टिकते ते त्याच्या पावित्र्याने नव्हे, त्याला रोज पाणी घालणाऱ्याने.

तथापि येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. १४ मे १९८५ रोजी याच अनुराधपुरात तमिळ वाघांच्या सशस्त्र तुकडीने बोधिवृक्षाच्या परिसरात आणि शहरात शंभराहून अधिक निःशस्त्र नागरिकांची हत्या केली. त्याआधी जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरे आणि दुकाने जाळली गेली होती, माणसे मारली गेली होती. ज्या देशाने हे झाड दोन हजार वर्षे जपले, त्याच देशात हे घडले. झाड शांतता आणत नाही. झाड केवळ उभे राहते, आणि त्याच्या सावलीत कोणाला जागा आहे व कोणाला नाही, हा प्रश्न माणसांवरच सोपवते.

४

सावलीतल्या जागेचा हा प्रश्न आपल्या गावांत कसा सोडवला गेला होता? मराठीत एक साधा शब्द आहे : ‘पार’. वडाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोवती दगडांनी बांधलेला ओटा, तो पार. गावची पंचायत पारावर बसे, गप्पा पारावर रंगत, पाहुणा प्रथम पारावर टेके. पिंपळावर मुंजा असतो म्हणून मुले घाबरत. श्रावणी शनिवारी अश्वत्थमारुतीची पूजा होई. ज्येष्ठात सुवासिनी वडाला सूत गुंडाळत. आपल्या ललित लेखकांनी पाराचे वर्णन फार जिव्हाळ्याने केले आहे, आणि मीही वर्गात ते तितक्याच जिव्हाळ्याने शिकवले आहे.

माझे आजोळ खानदेशात. सुटीत तेथे गेलो की, आजोबांबरोबर मी पारावर बसत असे. सकाळी गावची कामे घेऊन येणारा एक वृद्ध गृहस्थ पारापासून आठ-दहा हातांवर उन्हात उभा राहून बोले. तो आजोबांच्याच वयाचा होता. आजोबा त्याच्याशी प्रेमाने बोलत. त्याच्या घरची चौकशी करत. अडीनडीला धान्य देत. पण ‘ये, बस’ असे ते कधी म्हणाले नाहीत, आणि तोही कधी सावलीत आला नाही. हे १९५० नंतरचे सांगतो आहे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपुष्टात आणली होती. त्या पारावर कधी भांडण झाल्याचे मला आठवत नाही. अतिशय शांत पार होता तो. त्या शांततेची किंमत उन्हात उभा राहणारा माणूस रोज मोजत होता, हे समजायला मला पुष्कळ वर्षे लागली. आजोबांना मी दोष देण्यासाठी हे सांगत नाही. मी स्वतः त्या पारावर बसत होतो, आणि मला सावली सुखाची वाटत होती, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

५

उज्जैनीपासून फार दूर नसलेल्या महू या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी एक मूल जन्माला आले. त्या मुलाने पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू केला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतरची एकवीस वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अभ्यासात आणि विचारात घालवली. १९५० च्या उन्हाळ्यात ते सिंहलात गेले, तेथील बौद्ध परिषदेला उपस्थित राहिले. अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, अशोक विजयादशमीच्या दिवशी, कुशीनाऱ्याचे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांना दिली. त्यासाठी त्यांनी अशोकाचे नाव जोडलेला दिवस निवडला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. अवघ्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

नागपूरच्या दीक्षाभूमीवर आज जो बोधिवृक्ष आहे, तो अनुराधपूरच्या झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेला आहे. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्या सिंहलातून आणल्या. कौसल्यायनजी हिंदीचे नामवंत लेखक. सिंहलात त्यांनी अध्ययन केले, अध्यापन केले, आणि उत्तरायुष्यात नागपूर ही आपली कर्मभूमी केली. त्यांच्याही आधी, १९३१ साली, सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराच्या वेळी अनागारिक धर्मपाल यांनी अनुराधपूरचे रोप सारनाथला आणून लावले होते. म्हणजे परंपरा खरी मानली, तर उज्जैनीत जन्मलेल्या राजकुमारीने जी शाखा समुद्रापार नेली, तिचा वंश बावीस शतकांनी पुन्हा भारतात आला आणि पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांच्या सर्वांत मोठ्या तीर्थावर रुजला. राजाने पाठवलेले झाड ज्यांना पारावर जागा नव्हती त्यांच्याकडे परत आले.

दीक्षाभूमीवरून पुढे ही प्रथा वस्त्यावस्त्यांत गेली. महाराष्ट्रात, आणि आपल्या माळव्यातही, बौद्धवस्तीत विहार उभा राहिला की, त्याच्यासमोर पिंपळाचे रोप लावले जाते. बहुधा बुद्धपौर्णिमेला, नाहीतर धम्मचक्रप्रवर्तन दिनी. त्याभोवती विटांचा ओटा बांधला जातो. या रोपांपैकी बहुतेकांचा अनुराधपूरशी काही संबंध नसतो. जवळच्या भिंतीत पक्ष्याच्या विष्ठेतून उगवलेले रोप काढून आणलेले असते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यात फरक नाही, आणि मला वाटते, अर्थाच्या दृष्टीनेही नाही.

६

अशी एक लागवड मी प्रत्यक्ष पाहिली आहे. मी तेव्हा तिशीत होतो, नुकताच महाविद्यालयात कायम झालो होतो. उज्जैनीच्या कापडगिरण्या तेव्हा चालू होत्या. त्यांत विदर्भातून आणि खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे काम करीत. अशाच एका कामगारवस्तीतून मला बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचे निमंत्रण आले; माझा एक विद्यार्थी तेथे राहत असे. ज्या जागेवर रोप लावायचे, त्या जागेवरून शेजारच्या वस्तीशी वाद चालू होता. दोन महिन्यांपूर्वी नळावर भांडण होऊन दोन्हीकडची डोकी फुटली होती. विद्यार्थ्याने मला वाटेत सांगितले की, खड्डा खणायला त्या वस्तीतल्याही दोघांना बोलावले आहे. पण ते येतील की नाही, हे ठाऊक नाही.

ते आले. फार बोलणे झाले नाही. खड्डा खणला, रोप लावले, त्रिशरण-पंचशील झाले. विटांचा नवा पार बांधलेला होता, सिमेंट अजून ओले होते. मी एका कडेला उभा होतो. खरे सांगायचे तर मला कोठे उभे राहावे, हेच कळत नव्हते. तेवढ्यात एक वृद्ध बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाल्या, “सर, उभे काऊन? बसा ना पारावर. या पारावर कोनालेबी बसता येते.”

मी बसलो. त्या क्षणी मला आजोळचा पार आठवला, आणि उन्हातला तो गृहस्थ आठवला. त्या बाईंच्या वाक्यात टोमणा नव्हता. त्यांना माझ्या आजोबांविषयी काही माहीत असण्याचे कारण नव्हते. पण त्या वाक्यात जो ‘कोनालेबी’ हा शब्द होता, तो माझ्या आजोबांच्या तोंडी कधी आला नव्हता, आणि तोपर्यंत माझ्याही तोंडी आला नव्हता. आयुष्यभर भाषा शिकवून मला जे समजले नव्हते, ते त्या एका शब्दाने समजावले.

त्या दिवसानंतर दोन वस्त्यांतील वाद मिटला, असे मी सांगणार नाही. नळाचे पाणी वाढले तेव्हा तो मिटला. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. थकलेल्या देण्यांचे कागद त्याच पारावर बसून भरले गेले, आणि ते भरायला दोन्ही वस्त्यांतले लोक एकत्र बसत, कारण थकबाकी दोघांचीही होती. माझा तो विद्यार्थी अर्ज लिहून देई. पुढे जेव्हा केव्हा मी तेथे गेलो, तेव्हा पारावर कोणी ना कोणी बसलेले असे, आणि तो कोणत्या वस्तीतला आहे, हे मला ओळखू येत नसे.

७

याच्या तुलनेसाठी एकच उदाहरण देतो आणि आवरते घेतो. २१ सप्टेंबर २०१२ रोजी सांचीजवळ बौद्ध-भारतीय ज्ञान अध्ययन विद्यापीठाच्या पायाभरणीच्या वेळी श्रीलंकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांच्या हस्ते बोधिवृक्षाचे रोप लावले गेले. तो दिवस जागतिक शांतता दिनाचा होता. २००९ मध्ये संपलेल्या युद्धातील तमिळांच्या हत्याकांडाचा निषेध करण्यासाठी तमिळनाडूतून निघालेल्या कार्यकर्त्यांना त्या वेळी महाराष्ट्र-मध्यप्रदेश सीमेवर, पांढुर्ण्याच्या बाजूला, अडवून ठेवण्यात आले होते. त्या टेकडीवरील झाडाभोवती कुंपण उभारले गेले, चोवीस तास पहारा बसवला गेला, आणि त्याच्या एका पानाला कीड लागली तरी अधिकाऱ्यांची धावपळ होते, असे पुढील वर्षांत वृत्तपत्रांनी वारंवार छापले. त्या झाडाबद्दल मला राग नाही. झाडाचा त्यात काय दोष? पण महावंसातल्या यादीशी त्याची तुलना केल्यावाचून राहवत नाही. एकाच्या सेवेला विणकर आणि कुंभार नेमलेले होते; दुसऱ्याच्या सेवेला पहारेकरी. ज्या झाडाखाली कोणाला बसता येत नाही, ते झाड शांततेचे प्रतीक होऊ शकेल का, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

अशोकाने स्वतः या प्रश्नाचे उत्तर फार साध्या रीतीने देऊन ठेवले आहे. सातव्या स्तंभलेखात तो सांगतो की, माणसांना आणि पशूंना सावली मिळावी म्हणून मी रस्त्यांच्या कडेला वड लावले, आंबराया लावल्या, ठिकठिकाणी विहिरी खणल्या. तेथे मूर्ती नाही, कुंपण नाही, फलक नाही. माणसांना आणि पशूंना सावली, एवढेच. ‘माणसांना’ या शब्दात तो कोणाला वगळत नाही. ते वगळण्याचे काम पुढच्या काळातील आपण पार बांधणाऱ्यांनी केले.

आजच्या काळातही वृक्षारोपण करणाऱ्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. हे झाड कोणाच्या मागणीवरून लावले जात आहे? अनुलेची मागणी नसती, तर संघमित्रेचे जहाज निघाले नसते. त्याला पाणी कोण घालणार आहे? आणि ते मोठे झाल्यावर त्याच्या पारावर बसण्यास कोणाला मज्जाव होणार आहे? वंचितांच्या वस्तीत बाहेरच्या माणसाने जाऊन शांततेचे झाड लावणे आणि त्या वस्तीने स्वतः झाड लावून बाहेरच्या माणसाला ‘बसा’ म्हणणे यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात उपदेश आहे. दुसऱ्यात प्रतिष्ठा आहे, आणि जिथे प्रतिष्ठा नाही तिथली शांतता ही नुसती मुकाट्याने सोसणाऱ्याची शांतता असते.

या शाळेच्या अंगणातही एक जुना पिंपळ आहे आणि त्याला पार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी त्यावर बसून डबे खाल्ले असतील. आपण ज्यांचे स्मरण करीत आहोत, ते गुरुजी मधल्या सुटीत तेथे येऊन बसत, आणि कोणत्याही मुलाच्या डब्यातला घास मागून घेत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. घास कोणाच्या घरचा, हे त्यांनी कधी विचारले नाही. इतिहासावरील माझ्या या लांबलेल्या व्याख्यानात जे सांगायचे होते, ते त्यांनी त्या घासाने आधीच सांगून ठेवले होते. कार्यक्रम संपल्यावर आपण बाहेर पडाल, तेव्हा दोन मिनिटे त्या पारावर जरूर बसा, आणि शेजारी कोणी उभे असेल, तर त्याला सरकून जागा द्या.